आडवा येणारा थेंब

सर्किटचं कौतुक निघालं की मान मिळतो तो वीज वाहून नेणाऱ्याला. तांबं, चांदी, सोनं यांची नावं सगळ्यांच्या तोंडी असतात. पण एका तारेवरून दुसरी तार गेली आणि तरी दोघी एकमेकींना शिवल्या नाहीत, तर मधे कोणीतरी आडवा पडलेला असतो. पूर्वी तो लेप म्हणून यायचा, फिल्म म्हणून यायचा. आता बऱ्याच ठिकाणी तो थेंबाच्या रूपाने येतो: इंकजेटच्या हेडमधून सुटलेला, विजेला वाट न देणाऱ्या पॉलिमरचा थेंब.

अंगाने तो साधारण 10 पिकोलिटरचा. एका मिलिलिटर शाईतून असे 10 कोटी निघतात, आणि प्रत्येकाचा व्यास जेमतेम 27 मायक्रोमीटर भरतो. तो हेडमधून सुटतो कसा? काही स्फटिक दाबले की त्यांच्यावर विद्युतभार तयार होतो, हे झाक आणि पिएर क्युरी या भावांनी 1880 मध्ये दाखवलं. पुढच्याच वर्षी उलटही खरं ठरलं: वीज दिली की असा स्फटिक आकार बदलतो. प्रिंटरच्या हेडमधला पिझो, म्हणजे असाच आकार बदलणारा पदार्थ, हेच काम सेकंदाला हजारो वेळा करतो. प्रत्येक वेळी शाई दाबली जाते, नोझलच्या तोंडाशी फुगते आणि सेकंदाला पाच-सात मीटरच्या वेगाने थेंब बाहेर पडतो. विजेला अडवणाऱ्याचा जन्म होतो तो विजेच्याच धक्क्याने.

स्वभावाने तो चिवट, आणि जन्मताना हा चिवटपणाच त्याला नडतो. पॉलिमर म्हणजे रेणूंच्या लांबच लांब साखळ्या. नोझलमधून डोकं बाहेर आलं तरी या साखळ्या मागे धागा धरून ठेवतात. हे डोळ्यांनी पाहायची सोय आहे. थेंब सुटण्याच्या तालावरच एक दिवा लुकलुकवतात, त्यामुळे उडता थेंब कॅमेऱ्यासमोर थबकल्यासारखा दिसतो. पुढे गोल डोकं, मागे लांब शेपूट. शाईत साखळ्या फार लांब किंवा फार दाट असतील तर धागा तुटतच नाही, तो ताणला जातो आणि थेंबाला पुन्हा नोझलकडे ओढून घेतो. धागा तुटलाच, पण नको तिथे तुटला, तर शेपटीचे बारीक तुकडे होतात आणि मूळ थेंबाच्या आजूबाजूला भरकटतात. त्यातला एखादा सोल्डर लावायच्या पॅडवर पडला की तेवढ्या जागी सोल्डर धरत नाही.

म्हणून त्याला नरम करून घ्यावं लागतं. एक रीत म्हणजे पॉलिमर भरपूर द्रावकात विरघळवायचा. थेंबाचा बहुतेक भाग मग उडूनच जातो आणि खाली राहतो तो पातळ पापुद्रा. दुसरी रीत मला जास्त आवडते. साखळ्या पाठवायच्याच नाहीत, सुटे लहान रेणू पाठवायचे आणि ते बोर्डवर टेकले की अतिनील प्रकाश टाकून तिथल्या तिथे त्यांची साखळी जुळवायची. पॉलिइमाइडचं वळण आणखी निराळं. तो एकदा तयार झाला की विरघळायला तयार नसतो, म्हणून त्याचं आधीचं रूप, पॉलिअ‍ॅमिक आम्ल, छापतात आणि मग तीनशे अंशांच्या आसपास भाजतात. अशा नीट भाजलेल्या पॉलिइमाइडची 25 मायक्रोमीटरची फिल्म काही हजार व्होल्ट झेलते.

पण ही ताकद कुठेही खंड नसेल तरच उपयोगाची. वाहक आणि रोधक यांच्या नशिबातला फरक इथे आहे, आणि रोधकाचं काम अधिक अवघड असं मी म्हणतो ते याच कारणाने. चांदीच्या रेषेत बारीक भोक राहिलं तर प्रवाह त्याच्या बाजूने निघून जातो. रोधकाच्या थरात एक भोक राहिलं, बाकी सगळा थर कितीही चोख असला, तरी वरची चांदी खालच्या चांदीला भिडते आणि सर्किट शॉर्ट होतं.

अशी भोकं पडायला निमित्तं पुष्कळ. धुळीचा कण पुरतो, बोटाचा तेलकट डागही पुरतो. ओला थर तिथून मागे सरतो. वाळण्याचीही एक खोड असते. चहाचा थेंब ओट्यावर वाळला की मधे फिकट आणि कडेला गडद दिसतो, तसंच याचं होतं. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी 1997 मध्ये याचं कारण उलगडलं: काठ बसलेल्या जागी घट्ट राहतो, तिथून द्रव लवकर उडतो, ती तूट भरायला मधला द्रव काठाकडे धावतो आणि विरघळलेला माल सोबत नेतो. रोधकाच्या दृष्टीने हे वाईटच, कारण जिथे तो जाड हवा तिथेच पातळ होतो. उपाय म्हणून शाईत सावकाश उडणारा दुसरा द्रावक मिसळतात, म्हणजे आतल्या आत उलटा प्रवाह सुरू होतो आणि माल पुन्हा मध्याकडे येतो.

सर्वांत नाजूक जागा मात्र रेषेच्या कडेची. खाली चांदीची रेष उंचावलेली असते, तिच्यावरून थर पायरी उतरतो आणि नेमका त्या कोपऱ्यावर ताणून पातळ होतो. म्हणून जाणते लोक एकच जाड थर देत नाहीत. दोन पातळ थर देतात. पहिल्या थरातलं भोक आणि दुसऱ्यातलं भोक एकाच जागी येण्याचा संभव फार कमी.

हे सगळं साधलं तर काय होऊ शकतं, ते एप्सनने 2004 च्या नोव्हेंबरमध्ये दाखवलं. चांदीच्या सूक्ष्म कणांची शाई आणि नव्याने बनवलेली रोधक शाई आलटून पालटून छापून त्यांनी 20 थरांचा बोर्ड उभा केला. लांबीरुंदी 20 मिलिमीटर, आणि जाडी सगळे थर धरून 200 मायक्रोमीटर. बातमीत लोकांचं लक्ष चांदीकडे गेलं असेल. मला त्यातले रोधक थर मोठे वाटतात, कारण त्यांतला एक जरी कच्चा निघाला असता तरी बोर्ड गेला असता.

या थेंबाच्या गोतातली हिरवी मंडळी आपल्या रोजच्या पाहण्यातली आहेत. बोर्डवरचा तो हिरवा रंग म्हणजे सोल्डर मास्क. मोबाइल दुरुस्त करणारा कारागीर तुटलेल्या ट्रॅकवर केसाएवढ्या तारेचा जंपर मारतो, त्यावर हिरव्या यूव्ही मास्कचा ठिपका ठेवतो आणि दिव्याखाली धरतो. थोड्या वेळात ठिपका कडक होतो. कारखान्यात इंकजेट हेच करतो, फक्त संगणकाच्या हुकमाने. जुन्या पद्धतीत अख्ख्या पॅनेलला मास्क फासायचा, हवा तिथे प्रकाशाने पक्का करायचा आणि उरलेला धुऊन टाकायचा. इंकजेट फक्त लागेल तिथे ठेवतो, त्यामुळे धुवायचं काही उरत नाही. शिवाय फायबरचा पॅनेल थोडाफार आखडतो किंवा ताणतो; कॅमेरा त्यावरच्या खुणा पाहतो आणि त्या पॅनेलपुरता नकाशा सुधारून घेतो.

घडीच्या फोनच्या ओलेड पडद्यातही तो असतो. तिथे त्याला वीज अडवायची नसते, पाण्याची वाफ अडवणाऱ्या दोन कडक थरांमध्ये मऊ थर होऊन राहायचं असतं. खाली राहिलेला कण तो पोटात घेतो आणि वरच्या थराला सपाट जमीन करून देतो. हे छापकाम नायट्रोजन भरलेल्या बंद खोलीत चालतं.

आडवं येणं हा त्याचा धर्म असला, तरी काही ठिकाणी त्याला वाट सोडावीच लागते, नाहीतर वरचा मजला खालच्याशी बोलणार कसा? केंब्रिजमध्ये सिरिंगहाउस आणि फ्रेंड हे शास्त्रज्ञ आणि एप्सनचे संशोधक यांनी 2001 मध्ये यासाठी जी युक्ती केली, ती मला या सगळ्या कारभारातली सर्वांत देखणी वाटते. त्यांनी ड्रिल वापरला नाही. रोधक थरावर नुसत्या द्रावकाचे थेंब एकाच जागी सोडले. थेंबाखालचा पॉलिमर विरघळला, आणि वाळण्याच्या त्याच जुन्या खोडीने काठाकडे जाऊन कडं करून बसला. मधे भोक मोकळं राहिलं. ज्या खोडीवर इलाज शोधावे लागले होते, तिलाच त्यांनी कामाला लावलं. पुढे त्या भोकात वाहक पॉलिमरचा थेंब सोडला, की खालचा इलेक्ट्रोड वरच्याला जोडला जातो.