साचा आणि खोका

सुटे भाग जोडून मोटारीची प्लास्टिकची प्रतिकृती बनवण्याचा संच घेताना बहुतेक जण खोक्यावरचे चित्र पाहतात. आम्ही आधी साच्याचे वय विचारतो. पोलादी साचा कोरून घेण्यात कारखान्याचे मोठे भांडवल गुंतते. मग त्यातून दशकानुदशके भाग निघत राहतात. त्या साच्याचे पुढे काय करायचे, यातच एकेका कंपनीचा स्वभाव कळतो.

अमेरिकेतील 'एएमटी' १९४८ मध्ये मिशिगन राज्यात निघाली. मोटारविक्रेत्यांनी गिऱ्हाइकांना द्यावयाच्या जाहिरातीच्या छोट्या गाड्या हा तिचा आरंभीचा धंदा. १९५८ मध्ये त्याच कामातून तिने 'एकात तीन' संच काढले : मूळ रूपातील, नटवलेली वा शर्यतीची, मुलाला हवी ती गाडी त्याने करावी. डेट्रॉइटची नवी गाडी आली की साच्यात फेरफार होई; जुने रूप त्यात हरवून जाई. या कल्पकतेचे आम्हांला कौतुक आहे. भाग मात्र कानशीने घासावे लागतात, भेगांत लांबी भरावी लागते.

जपानमध्ये शिझुओका येथील 'तामिया'ची वाट वेगळी. १९४६ मध्ये लाकूड कापण्याच्या गिरणीपासून तिचा आरंभ झाला. १९७६ च्या पोर्शे ९३४ च्या संचासाठी शुन्साकु तामिया यांनी खरीखुरी पोर्शे विकत घेऊन सुटी केली आणि ती पुन्हा जुळवण्यास पोर्शेचीच माणसे बोलवावी लागली! या ध्यासाचे फळ असे की भाग जागच्या जागी अचूक बसतात. उणीव एकच : तिच्या पुष्कळ संचांत इंजिनच नसते. विजेवर चालणाऱ्या जुन्या संचांत तर त्याची जागा विद्युत्-मोटरीने घेतलेली. बॉनेट उघडण्याची हौस असलेल्या मुलाचा तेथे हिरमोड होतो.

'रेव्हेल' आणि 'मोनोग्राम' या दोन अमेरिकन कंपन्या १९८६ मध्ये एकत्र आल्या. पुढे २०१८ मध्ये त्यांची मालक कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि रेव्हेल जर्मन गुंतवणूकदारांकडे गेली. तिच्या नावाने उत्तम नवे संच निघतात, तसेच जुन्या साच्यांतले संचही नवे चित्र लावून येतात. जुना साचा पुन्हा वापरण्यात आम्हांला वावगे वाटत नाही. दुर्मीळ झालेली गाडी त्यामुळे परत हाती येते. पण साचा कोणत्या साली कोरला, हे पुष्कळदा खोका सांगत नाही. चकचकीत खोका आणि आत जुनाट, पापुद्रे सुटलेले भाग, हा व्यवहार सचोटीचा म्हणवत नाही. पहिल्याच संचाने असे फसवले, तर दहा वर्षांचा मुलगा स्वतःच्याच हाताला दोष देतो आणि कानस खाली ठेवतो ती कायमचीच.

तेव्हा वाचकहो, आखातातून वा कॅनडातून भाच्यासाठी असा संच आणणार असाल, तर पहिला तामियाचा आणा. अमेरिकन जुना संच त्याचा हात बसल्यावर. पुष्कळ संचांत गाडीच्या तळाच्या भागावर आतून साल कोरलेले असते. दुकानदार खोका उघडू देत असेल तर आधी तेवढे वाचून घ्या.