‘कोणाकडे’ नावाचा रकाना

मित्रांनो, पोस्ट थोडी मोठी आहे. पुस्तकांबद्दल आहे म्हणून पुढे सरकवू नका, शेवटी आपल्या तालुक्याचाच विषय आहे.

२० मे २०२५ ला जयंत नारळीकर गेले. बातमी पाठवून झाल्यावर डोळखांबकडच्या एका पोराचा फोन आला, "दादा, त्यांचं एखादं पुस्तक वाचायला कुठे मिळेल?" कल्याणला दुकानात मिळेल, ठाण्याला ग्रंथालयात मिळेल, हे मला माहीत होतं. पण त्यासाठी एसटीने आसनगाव, तिथून लोकल, म्हणजे अख्खा दिवस गेला. आणि माझ्या घरात नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, सगळे एका कपाटात दाटीवाटीने उभे. पंचवीस वर्षांत जमवलेले. वाचणारा मी एकटा.

त्या आठवड्यापासून यादी करायला घेतली. फक्त विज्ञानकथा, विज्ञान कादंबऱ्या आणि त्यांचे अनुवाद. रविवार-रविवार करत आज ४१२ नोंदी झाल्यात. साधी गूगल शीट आहे. रकाने असे: नाव, लेखक, मूळ की अनुवाद, प्रकाशक, आवृत्ती, पुस्तकाची अवस्था, आणि शेवटचा ‘कोणाकडे’.

काम वाटतं तितकं सोपं नाही. जुन्या अनुवादांवर ‘स्वैर रूपांतर’ एवढंच छापलेलं असतं, मूळ लेखकाचा पत्ता नाही. गोष्ट वाचून ओळखायचं की हा ज्यूल व्हर्न की वेल्स. काहींची पहिली पानं गळालेली, मग साल सापडत नाही. नारायण धारप आणखी अवघड. अर्धी कथा भुताची, अर्धी विज्ञानाची, ठेवायची कुठे? आणि सर्वात किचकट दिवाळी अंक. मराठी विज्ञानकथेचा केवढा तरी भाग ‘नवल’, ‘धनंजय’ अशा अंकांत विखुरलेला आहे. दोनशे पानांच्या अंकात विज्ञानकथा एक-दोन. अंकाची एक नोंद करून भागत नाही, प्रत्येक कथेची वेगळी करावी लागते. हे अंक रद्दीत आधी जातात, कारण पुढच्या दिवाळीला ते ‘जुने’ झालेले असतात.

पण यादी करताना आपल्या भाषेत काय काय होऊन गेलंय ते एका नजरेत दिसलं. १९०० च्या सुमारास ‘केरळ कोकिळ’ मासिकात व्हर्नची चंद्रावरची गोष्ट मराठीत क्रमशः येत होती. म्हणजे आपल्या पणजोबांच्या काळात मराठी वाचक चंद्रावर जाऊन आला होता. पुढे फास्टर फेणेवाल्या भा. रा. भागवतांनी व्हर्न पोरांच्या हातात दिला.

आणि नारळीकरांचा किस्सा तर सांगायलाच हवा. अहमदाबादला एका परिसंवादात कंटाळवाणं भाषण चालू होतं, तेव्हा त्यांनी बसल्या जागी कथा लिहायला घेतली. ‘कृष्णविवर’ तिचं नाव. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत ती पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. ज. वि. ना. उलटं केलं की ना. वि. ज. मोठ्या नावाकडे बघून बक्षीस मिळू नये म्हणून. बक्षीस मिळालं ते जगतापांना. आजकाल नाव आधी आणि काम मागून, अशा जमान्यात हे वाचून बरं वाटतं.

अर्ध्यावर आल्यावर मी आणखी एक रकाना वाढवला, ‘कथा कुठे घडते’. मुंबई, पुणे, दिल्ली, अमेरिका, चंद्र, मंगळ, लांबच्या लांब आकाशगंगा. शहापूर-मुरबाड? माझ्या ४१२ नोंदींत शून्य.

आधी हसू आलं. मग विचार करत बसलो. तानसा आपल्याकडे, मोडकसागर आपल्याकडे, भातसा आपल्याकडे. मुंबईचं जवळपास निम्मं पाणी एकट्या भातसातून जातं, आणि मार्च उजाडला की त्याच तालुक्यात मी टँकरच्या बातम्या करतो. समृद्धी महामार्ग आपल्या शेतांतून गेला. मुरबाडला काळू धरणाचा वाद वर्षानुवर्षं चालू आहे. म्हणजे इथे भविष्य सारखं येत असतं, फक्त त्याचा नकाशा दुसरीकडे कुणीतरी काढलेला असतो. आपल्या हातात येते ती नोटीस.

विज्ञानकथा शिकवते ती एकच गोष्ट: ‘असं झालं तर?’ हा प्रश्न आधी विचारायचा. जावडेकरांची ‘आकांत’ भोपाळवर आहे. मुरबाड एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या घरातल्या पोराने ती वाचली, तर वास आल्यावर काय करायचं, वारा कुठल्या दिशेचा, कारखान्यात नेमकं काय साठवलंय, हे प्रश्न तो ग्रामसभेत विचारेल. स्पर्धा परीक्षेच्या गाईडमधून हे प्रश्न सुचत नाहीत. आपल्याकडच्या पोरांच्या हाती मात्र गाईडच पडतं.

सरकारचं म्हणाल, तर सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा आहे. अ, ब, क, ड असे वर्ग आहेत, त्याप्रमाणे अनुदान आहे. ते वाढावं, वेळेवर यावं, यासाठी भांडत राहूच. ग्रंथालयात तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्यांना मी दोष देणार नाही. पण अनुदान येईपर्यंत आपली कपाटं बंद ठेवायचं कारण काय? स्वतःची पुस्तकं शेजाऱ्याला वाचायला द्यायला कुठलाही जीआर लागत नाही.

"दिलं की गेलं" असं मला चार जणांनी सांगितलं. त्यात आमच्या घरातलं माणूसही आलं. जाईल, काही जाईल. त्यांना मी मुरबाड बाजारातली गोष्ट सांगितली. एक निवृत्त गुरुजी वारले, आयुष्यभर पुस्तकं जमवलेला माणूस. कधी कुणाला एक पुस्तक दिलं नाही, जपून ठेवली. वर्षश्राद्धाच्या आत सगळी किलोच्या भावाने गेली. मुलांचाही दोष नाही, घर लहान, आणि कपाटात काय आहे याची यादीच नव्हती. रद्दीवाल्याकडे मला त्यातली अकरा मिळाली, सगळ्यांवर सुबक अक्षरात सही आणि तारीख. बाकीची कशाच्या पुड्या बांधायला गेली कोण जाणे. न दिलेली पुस्तकंही जातातच की!

तर आता ठरलंय ते असं. यादी सगळ्यांना बघायला खुली केली आहे. दर रविवारी सकाळी दहा ते एक घर उघडं. एका वेळी एक पुस्तक, मुदत एक महिना. डिपॉझिट नाही, फी नाही. नाव आणि गाव लिहायचं, बस. पानं सुटायला आलेले जुने अंक बाहेर जाणार नाहीत, ते ओसरीवर बसून वाचायचे, चहा मिळेल. किन्हवली, टोकावडे, सरळगाव या बाजूला मी बातमीसाठी जातोच, आधी मेसेज केलात तर पुस्तक डिकीत टाकून आणतो.

शिक्षक मंडळींना विनंती, आठवी ते दहावीची दोन-तीन पोरं घेऊन या. आणि ज्यांच्या माळ्यावर जुने दिवाळी अंक आहेत त्यांनी रद्दीवाल्याला हाक मारायच्या आधी मला एक फोन करा. फुकट नको, त्याच भावाने घेतो.

सध्या ‘कोणाकडे’ या रकान्यात सतरा नावं आहेत. चार शहापूरची, बाकी पाड्यांवरची आणि मुरबाडकडची. तो रकाना मला भरलेला बघायचाय.