बाई कोठल्या?

आमच्या जुन्नर-आंबेगावकडे अनोळखी स्त्री दृष्टीस पडली म्हणजे तिचे नाव विचारण्याच्या अगोदर "बाई कोठल्या?" असे विचारण्याचा परिपाठ आहे. ह्या प्रश्नात उद्धटपणा नाही. खरे पाहता जिज्ञासाही फारशी नाही. उत्तर मिळाले की विचारणारास त्या गावचा एखादा सोयरा आठवतो, आणि मग संभाषण बाईला तेथेच सोडून त्या सोयऱ्याच्या उसापर्यंत किंवा कांद्यापर्यंत जाऊन पोहोचते. पुरुषास हा प्रश्न त्याच्या स्वतःच्या गावात कोणी विचारीत नाही. तो जेथला असतो तेथलाच असतो. बाई मात्र नेहमी दुसरीकडची : सासरी माहेरची, आणि माहेरी गेली म्हणजे सासरची.

आमच्या वहिनी नागपूरच्या. आमच्या थोरल्या बंधूंची नोकरी त्या बाजूस होती तेव्हा हा संबंध जुळला, आणि बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या वर्षी त्या घोड नदीच्या काठच्या आमच्या लहानशा गावात सून म्हणून आल्या. "काय करून राहिले, भाऊजी?" असे त्यांनी आम्हांस पहिल्यांदा विचारले तेव्हा ओसरीवर बसलेल्या मंडळींनी उपरण्याआड तोंडे लपविली होती. पुढे त्यांची बोली आमच्यासारखी झाली. परंतु गावाने त्यांस ठेवलेले "नागपूरच्या बाई" हे नाव काही गेले नाही. मॅट्रिक झालेल्या त्या एकट्याच सून. म्हणून गावातल्या निम्म्या बायकांचे शिधापत्रिकेचे अर्ज, माहेरची पत्रे, मुलांचे शाळेचे दाखले हे सर्व त्यांच्या हातून जात असे. त्या हाताला गावाने कधी बाहेरचे म्हटले नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

नागपूरच्या असल्यामुळेच की काय, स्वाती दांडेकर ह्या बाईंचे नाव वर्तमानपत्रात आले की वहिनी तो मजकूर आमच्याकडून वाचवून घेत. दांडेकरबाईंचा जन्म १९५१ सालचा, नागपूरचा. नागपूर विद्यापीठाची पदवी त्यांनी घेतली, मुंबई विद्यापीठातून आहारशास्त्राची पदविका मिळविली, आणि १९७३ साली त्या अमेरिकेतील आयोवा राज्यात गेल्या. म्हणजे वहिनी आणि त्या साधारण एकाच सुमारास नागपूरच्या वाऱ्याला मुकल्या, असे वहिनींचे गणित. एक सातासमुद्रापलीकडे गेली, दुसरी घोड नदीवर आली. अंतरात फरक असेल, पण सामानाच्या पेटीत फारसा नसेल, असेही त्या म्हणत.

आयोवा हा मक्याचा मुलूख. तेथे मका, सोयाबीन आणि डुकरे ह्यांच्या भावाची चर्चा आमच्याकडे कांद्याच्या भावाची चालते तशीच चालत असली पाहिजे. वस्ती त्या काळी शेकडा नव्वदांहून अधिक गोरी. अशा ठिकाणी मॅरियन नावाच्या गावी दांडेकरबाईंनी संसार केला, मुले वाढविली, आणि १९९६ साली त्या तेथील लिन-मार शाळांच्या मंडळावर निवडून आल्या. शाळेच्या मंडळावर जाईपर्यंत बाईला सहसा कोणी अडवीत नाही. मुले ही तिचीच बाब, असे जगभर समजतात. त्यांच्या शाळेतले बाक, दूध आणि मास्तर ह्यांची काळजी तिने वाहिली तर पुरुषांचे ओझे हलकेच होते. अडचण येते ती पुढच्या पायरीवर.

२००२ साली त्या आयोवाच्या प्रतिनिधिगृहासाठी उभ्या राहिल्या. तेव्हा त्यांच्या प्रतिस्पर्धी उमेदवाराने, आणि तीही एक बाईच, आपल्या समविचारी मंडळींना धाडलेल्या एका संदेशात असा सवाल केला की, मी येथे आयोवात राष्ट्रध्वजाची प्रतिज्ञा म्हणत वाढत होते तेव्हा ह्या बाई भारतात, जातिभेदाच्या रूढीत वाढत होत्या. अशा व्यक्तीस आमच्यासाठी कायदे करण्याची पात्रता कोठून येणार? संदेश बाहेर फुटला, त्याचा बोभाटा झाला, आणि नोव्हेंबरात दांडेकरबाई निवडून आल्या. भारतात जन्मलेली एक स्त्री अशा रीतीने अमेरिकेतील एका राज्याच्या विधिमंडळात पोहोचली.

हा वृत्तान्त आम्ही वहिनींस वाचून दाखविला तो प्रसंग आम्हांस चांगला आठवतो. दिवेलागणीची वेळ होती, आणि त्या तांदूळ निवडीत होत्या. आम्ही त्या संदेशावर बरेच काही बोललो. जातिभेदाचा आरोप आम्हांस झोंबला होता, कारण तो आमच्यावर खोटा नव्हता. परंतु एका माणसाच्या जन्मभूमीचा दोष त्याच्या पात्रतेवर कसा लादावा, हा कोणता न्याय, वगैरे वगैरे. वहिनींनी सर्व ऐकून घेतले. मग सुपातला एक खडा बाजूस टाकीत त्या म्हणाल्या, "पण भाऊजी, ते तिला निदान विचारले तरी. तिच्याविषयीच विचारले ना?"

एवढेच म्हणाल्या, आणि तांदूळ घेऊन आत गेल्या. आमच्या हातातले वर्तमानपत्र तसेच राहिले.

वाचकांस ह्या बोलण्याचा अर्थ कळण्यासाठी पाच वर्षे मागे जावे लागेल. राज्यघटनेची ७३ वी दुरुस्ती १९९३ साली अमलात आली आणि ग्रामपंचायतींत एक-तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखून ठेवण्यात आल्या; महाराष्ट्राने हे प्रमाण २०११ साली निम्म्यावर नेले. १९९७ साली आमच्या गावचे सरपंचपद असे राखीव झाले. गावात दोन तट होते आणि दोन्हींना चालेल अशी बाई सापडत नव्हती. एके सकाळी चौघे शहाणे आमच्या ओसरीवर येऊन बसले. बंधू तोपर्यंत वारले होते, म्हणून घरातला कर्ता पुरुष ह्या नात्याने त्यांनी आमच्यापाशी बोलणे काढले. वहिनींना सदस्य म्हणून बिनविरोध निवडून आणू, मग सरपंच करू. बाई शिकलेल्या आहेत, कोणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत.

त्यावर आम्ही जे उत्तर दिले ते आज लिहितानाही हात अडखळतो. आम्ही म्हणालो, "छे छे! त्या पडल्या बाहेरच्या. येथल्या भानगडी त्यांना काय कळणार?" चौघांनी माना डोलावल्या. आत कपबश्यांचा आवाज चालला होता तो क्षणभर थांबला, आणि मग पुन्हा सुरू झाला. वहिनी चहा घेऊन आल्या, सर्वांस दिला, आणि गेल्या. पुढे दुसऱ्या एका घरातली बाई सरपंच झाली आणि पाच वर्षे कारभार तिच्या यजमानांनी पाहिला. वहिनींनी त्या सकाळचा उल्लेख कधीही केला नव्हता. आम्ही असे समजून होतो की त्यांनी ऐकलेच नाही. आपल्या सोयीच्या गोष्टी मनुष्य फार लवकर समजून घेतो.

त्या रात्री आम्ही अंथरुणावर पडून त्या चौघांच्या मातोश्रींची माहेरे मोजली. एकीचे ओतूर, दुसरीचे आळे, तिसरीचे पारनेर तालुक्यात कोठेतरी, चौथीचे खेडकडे. आमच्या स्वतःच्या मातोश्री नारायणगावच्या. गावात गावाची अशी एकही बाई नव्हती! मुली लग्न होऊन परगावी गेलेल्या, आणि मतदारयादीतल्या झाडून साऱ्या स्त्रिया कोठून ना कोठून आलेल्या. स्त्रियांसाठी जागा राखून ठेवल्या म्हणजे त्या जागी बसणार ती बाहेरचीच बाई. दुसरी आणावी कोठून? आणि पुरुष तरी येथले किती म्हणावेत? ज्या आंबेगावाच्या नावाने आमचा तालुका ओळखला जातो ते जुने गावच डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तेथून उठलेल्या माणसांस "कोठले?" असे विचारले तर त्यांनी जलाशयाकडे बोट दाखवावे काय?

जुन्नरची तर गोष्टच निराळी. शिवनेरीच्या पोटातल्या लेण्यांत इरिल नावाच्या एका यवनाने पाण्याच्या दोन टाक्यांचे दान दिल्याचा लेख आहे. दुसऱ्या एका यवनाने भिक्षूंसाठी भोजनशाळा करून दिल्याचा लेख आहे. कोठल्या कोण परमुलखातली ही माणसे, परंतु त्यांनी येथे पाणी आणि अन्न ठेवले आणि आपली नावे कोरविली, ती दोन हजार वर्षांच्या सुमारास टिकली. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिच्या यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापणांची लांबलचक जंत्री आहे. पतीच्या पश्चात मुले लहान असताना राज्याचा कारभार तिने पाहिला, असे अनेक विद्वानांचे मत आहे. आम्ही तो घाट पुष्कळदा पाहिला होता. परंतु वहिनींच्या त्या वाक्यानंतर गेलो तेव्हा एक गोष्ट नव्याने ध्यानात आली. मागच्या भिंतीशी राजघराण्याच्या पुतळ्यांची रांग होती. पुतळे नाहीसे झाले, काही पावलांच्या खुणा व वरची नावे तेवढी राहिली. त्या नावांत सिमुक, पती सातकर्णी, राजपुत्र अशी मंडळी आहेतच, पण त्यांच्याबरोबर एक नाव महारठी त्रनकयिराचे आहे. हा नागनिकेचा बाप. सासरच्या राजांच्या रांगेत माहेरच्या बापाला उभे करणारी ती बाई "आपण कोठल्या" हे लपवू इच्छीत नव्हती, एवढे खास.

दांडेकरबाईंची पुढची कारकीर्द सरळ रेषेत गेली नाही. सहा वर्षे प्रतिनिधिगृहात काढून २००९ च्या जानेवारीत त्या राज्याच्या वरिष्ठ सभागृहात गेल्या. तेथे २०११ साली त्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाचे २६ आणि विरोधकांचे २४ असे काठावरचे बळ होते. अशा वेळी विरोधी पक्षाच्या गव्हर्नराने त्यांस वीज, गॅस आदींचे दर ठरविणाऱ्या मंडळावर नेमले, आणि बाईंनी मुदत पुरी होण्यापूर्वीच आपली जागा सोडली. पोटनिवडणुकीत त्यांच्या पक्षाने ती राखली म्हणून बहुमत वाचले. न राखती तर? मतदारांनी चार वर्षांसाठी दिलेली जागा अध्यावर सोडणे आम्हांस तेव्हाही पटले नाही, आजही पटत नाही. वहिनींचे म्हणणे याच्या उलट. भाषणे करण्यापेक्षा विजेचे बिल हातात असलेले बरे. ज्या बाईने कधी घर चालविले आहे तिला हे सांगावे लागत नाही, असे त्या म्हणाल्या. ह्या मुद्द्यावर आमचे एकमत झालेले नाही.

२०१४ साली दांडेकरबाई देशाच्या संसदेसाठी उमेदवारी मिळवू पाहत होत्या, ती पक्षांतर्गत निवडणुकीतच हुकली. त्याच चुरशीत बोस्नियात जन्मलेली एक तरुण प्रतिनिधीही होती, म्हणजे मक्याच्या त्या मुलखात "बाई कोठल्या?" ह्या प्रश्नाची उत्तरे एव्हाना बरीच निरनिराळी येऊ लागली होती. पुढे २०१५ साली राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी मनिला येथील आशियाई विकास बँकेच्या संचालकपदासाठी त्यांचे नाव पुढे केले, आणि अमेरिकेच्या वतीने त्यांनी तेथे काम पाहिले. जी बाई भारतात वाढली म्हणून अमेरिकेला परकी ठरविली गेली होती, तिलाच अमेरिकेने आशियात आपली म्हणून पाठविले.

२०२१ च्या जानेवारीत अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात कोरियन वंशाच्या तीन स्त्रिया प्रथमच आल्या. त्यांपैकी मेरिलिन स्ट्रिकलंड ह्यांचा जन्म सेऊलचा, आई कोरियन, बाप कृष्णवर्णी अमेरिकन सैनिक. टॅकोमा शहराच्या त्या आठ वर्षे महापौर होत्या. शपथविधीच्या दिवशी त्या आईच्या देशाचा हानबोक नेसून आल्या. तांबडा परकर आणि गडद निळी चोळी, असे ते चित्र आम्ही वहिनींस दाखविले. त्यांस आता नीट दिसत नाही. चित्र डोळ्यांजवळ धरून त्यांनी पुष्कळ वेळ पाहिले, आणि "हे आईचे नेसून गेली होय!" असे म्हणून ते परत दिले. नाणेघाटातल्या त्या बापाच्या नावाची गोष्ट आम्ही त्यांस सांगितली होती. ती त्यांस आठवली की नाही हे विचारण्याचा धीर आम्हांस झाला नाही.

आता आमच्या गावचे सरपंचपद पुन्हा स्त्रियांसाठी राखीव झाले आहे. मध्यंतरी कायदा बदलून सरपंच थेट मतांनी निवडण्याची पद्धत आली, तेव्हा भानगडी अधिक. मागच्या पंधरवड्यात तीन गृहस्थ आमच्या ओसरीवर आले. १९९७ सालच्या चौघांपैकी एकाचे चिरंजीव त्यांत होते. वहिनींच्या सूनबाई, ज्या अकोल्याकडच्या, त्यांच्याविषयी बोलणे निघाले. आमच्याकडे पाहून त्यांनी विचारले, "मग काय, काका?" आम्ही म्हणालो, "आम्हांस काय विचारता? त्या गोठ्यात आहेत." तिघे एकमेकांकडे पाहू लागले. मग त्यांतला एक उठला आणि गोठ्याच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

सूनबाई हात धुऊन आल्या आणि खांबाशी टेकून उभ्या राहिल्या. सर्व ऐकून घेतल्यावर त्यांनी एवढेच विचारले की पाणीपुरवठ्याच्या हिशेबाची वही कोणापाशी असते आणि ती त्यांना आधी पाहावयास मिळेल काय. तिघांना ह्याचे उत्तर एकदम सुचले नाही. बाजाराच्या दिवसापर्यंत कळविते, असे सांगून त्या पुन्हा गोठ्यात गेल्या. वहिनी आतल्या दाराशी बसल्या होत्या. मंडळी गेल्यावर त्यांनी आम्हांस हाक मारून विचारले, "वही दाखवायला तयार झाले का हो, भाऊजी?"