विंडसर काउंटीतल्या शिळा

ब्रिजवॉटर कॉर्नर्सपाशी हमरस्ता सोडला की १००-ए क्रमांकाचा अरुंद रस्ता डोंगरात शिरतो. दोन्ही बाजूंना मेपलची झाडं, अधूनमधून एखादं गवताचं शेत, लाकडी कोठार. व्हरमाँट राज्यातल्या विंडसर काउंटीचा हा भाग आजही खेड्यापाड्यांचाच आहे. या रस्त्यावर प्लिमथ नॉच नावाची वस्ती लागते. वस्ती म्हणजे मोजकी पांढरी घरं, एक चर्च, एक दुकान आणि १८९० मध्ये सुरू झालेला चीजचा कारखाना. अमेरिकेचे तिसावे राष्ट्राध्यक्ष कॅल्व्हिन कूलिज इथे जन्मले आणि इथेच पुरले गेले.

दफनभूमी रस्त्यालगतच्या उतारावर आहे. चढण चांगली उभी आहे, दगडी पायऱ्या चढून जावं लागतं. वर कूलिज घराण्याची रांग लागते. त्यात राष्ट्राध्यक्षांची शिळा वेगळी ओळखायची ती फक्त वर कोरलेल्या राजमुद्रेवरून. मुद्रेखाली नाव आणि जन्म-मृत्यूच्या तारखा : ४ जुलै १८७२, ५ जानेवारी १९३३. पदाचा उल्लेख नाही, की कर्तृत्वाची एक ओळ नाही. आकारानेही ही शिळा आजूबाजूच्या शिळांसारखीच. नेत्यांच्या समाधिस्थळांचे विस्तीर्ण चौथरे पाहत वाढलेल्या माझ्यासारखीला हा साधेपणा मनापासून आवडला.

याच माणसाचा शपथविधी इथून हाकेच्या अंतरावर झाला. २ ऑगस्ट १९२३ रोजी राष्ट्राध्यक्ष हार्डिंग सॅन फ्रान्सिस्कोत वारले, तेव्हा उपराष्ट्राध्यक्ष कूलिज सुट्टीवर वडिलांकडे आले होते. घरात वीज नव्हती, फोन नव्हता. मध्यरात्री ब्रिजवॉटरहून मोटारीने निरोप आला. वडील जॉन कूलिज नोटरी होते. पहाटे २ वाजून ४७ मिनिटांनी, रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात, बैठकीच्या खोलीत बापाने लेकाला राष्ट्राध्यक्षपदाची शपथ दिली. शपथ झाल्यावर कूलिज पुन्हा जाऊन झोपले. ती खोली आजही जपून ठेवली आहे. आपल्याकडच्या जुन्या घरातल्या माजघरापेक्षा ती काही मोठी नाही.

वर रांगेत मात्र एका तारखेपाशी पाय अडखळतात. कॅल्व्हिन ज्युनियर, कूलिज यांचा धाकटा मुलगा, मृत्यू ७ जुलै १९२४. वय सोळा. व्हाइट हाउसच्या मैदानावर मोजे न घालता टेनिस खेळला, पायाच्या बोटाला फोड आला, तो चिघळला आणि विष रक्तात भिनलं. पेनिसिलीनचा शोध लागायला अजून चार वर्षं होती. देशातले उत्तम डॉक्टर हाताशी असूनही आठवड्याभरात सगळं संपलं. कूलिजनी बारा वर्षांचे असताना आईला आणि पुढे पाच वर्षांनी एकुलत्या एका बहिणीला याच गावात निरोप दिला होता. आता ते मुलाला घेऊन आले.

त्याच वर्षी, मुलाच्या मृत्यूच्या सहा आठवडे आधी, २६ मे १९२४ रोजी कूलिजनी स्थलांतराच्या कायद्यावर सही केली होती. ज्यांना अमेरिकेचं नागरिकत्व मिळू शकत नाही, त्यांना देशात वस्तीसाठी येताच येणार नाही, असा त्याचा गाभा. आणि हिंदी माणसाला नागरिकत्व मिळू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात ठरवून टाकलं होतं. दार १९१७ पासूनच लावलेलं होतं, १९२४ मध्ये त्याला कडी बसली. ती निघायला १९४६ उजाडावं लागलं, आणि तेव्हाही वर्षाला जेमतेम शंभर जणांना वाट मिळाली. आज न्यू इंग्लंडमधली मराठी कुटुंबं पानगळीचे रंग बघायला याच डोंगरांत येतात. मला त्या बापाचं दुःख खरं वाटतं आणि त्या सहीचा अन्यायही तितकाच खरा वाटतो. एकाने दुसरं फिटत नाही.

तिथून वुडस्टॉककडे उतरताना ओटाक्वीची नदी सोबत करते. वुडस्टॉक देखणं आणि श्रीमंत गाव. माउंट टॉम टेकडीच्या पायथ्याजवळ रिव्हर स्ट्रीट दफनभूमीत जेकब कॉलॅमर आहेत. गुलामगिरीला विरोध करणारे सिनेटर, १८६१ मध्ये यादवीशी लढायला लिंकनना कायद्याचं बळ देणाऱ्या विधेयकाचे एक शिल्पकार. वॉशिंग्टनच्या संसद भवनात व्हरमाँटच्या वाट्याला दोन पुतळे आहेत, त्यांतला एक त्यांचा.

याच गावात जन्मलेले जॉर्ज पर्किन्स मार्श मात्र इथे नाहीत. काँग्रेसमध्ये निवडून गेले, मग इटलीत वीस वर्षांहून अधिक काळ अमेरिकेचे राजदूत राहिले, १८८२ मध्ये तिकडेच वारले आणि रोममध्ये पुरले गेले. लहानपणी त्यांनी या टेकड्या उजाड होताना पाहिल्या होत्या. जंगल तोडून सगळीकडे मेंढ्या सोडलेल्या, पाऊस आला की माती नदीत. तोच अनुभव भूमध्य समुद्राकाठच्या ओसाड प्रदेशांशी ताडून १८६४ मध्ये त्यांनी ‘मॅन अँड नेचर’ लिहिलं. पुढे फ्रेडरिक बिलिंग्ज यांनी मार्श यांचं घर विकत घेतलं आणि उघड्या उतारांवर झाडं लावली. आज तिथे राष्ट्रीय उद्यान आहे. माउंट टॉमवरच्या त्या दाट रानातून मी बराच वेळ चालले. मला विचाराल तर मार्श यांची खरी खूण तीच.

शेवटचा टप्पा कनेक्टिकट नदीकाठचं विंडसर. १७७७ मध्ये इथल्या एका खानावळीत व्हरमाँटचं संविधान मंजूर झालं, आणि प्रौढांना गुलाम म्हणून ठेवण्यास त्यात मनाई होती. इथल्या अ‍ॅस्कटनी दफनभूमीत विल्यम एव्हार्ट्स आहेत. हे न्यूयॉर्कचे सिनेटर, पण उन्हाळ्याचं घर विंडसरला. १८६८ मध्ये राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्यावर महाभियोग चालला, तेव्हा बचावाचे वकील हेच. जॉन्सन एका मताने वाचले. पुढे एव्हार्ट्स परराष्ट्रमंत्री झाले. स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचा चौथरा उभारण्यासाठी अमेरिकेत पैसे गोळा करणाऱ्या समितीचे अध्यक्षही तेच.

मी मात्र विंडसरला आले ती त्यांच्या १८९१ च्या कायद्यासाठी. त्या कायद्याने अमेरिकेत संघराज्याची फिरती अपील न्यायालयं स्थापन झाली. तशाच एका न्यायालयाने थिंद यांच्या वकिलाचं नागरिकत्व वाचवलं. हे वकील सखाराम गणेश पंडित. थिंद खटला हरल्यावर सरकारने पंडितांचंही १९१४ मध्ये मिळालेलं नागरिकत्व काढून घेण्यासाठी दावा लावला. कूलिज यांच्याच कारकिर्दीत, १९२६ मध्ये, नवव्या फिरत्या अपील न्यायालयाने पंडितांच्या बाजूने निकाल दिला : एकदा न्यायालयाने दिलेला आणि तेव्हा सरकारने अपील न केलेला निर्णय आता उकरून काढता येणार नाही. पुढल्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं म्हणणं ऐकायला नकार दिला, आणि पंडित अमेरिकेचे नागरिक राहिले.