निदान

माझ्या भाच्यानें बारावीनंतर मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम घ्यावयाचें ठरविलें, तेव्हां घरांत सर्वांत मोठा विरोध माझा होता. इंग्रजी वाङ्मयाच्या प्राध्यापकाचा भाचा हातांत पाना घेऊन गाडीखालीं निजणार, ही कल्पनाच मला सोसवेना. पदवीचें महत्त्व मीं त्याला तासभर समजावून सांगितलें. त्यानें तें निमूटपणें ऐकून घेतलें आणि दुसऱ्या दिवशीं आय.टी.आय.चा अर्ज भरून टाकला.

या गोष्टीला १० वर्षें झालीं. मध्यंतरीं एका रविवारीं तोच भाचा चहाला आला आणि म्हणाला, "मामा, एक सल्ला हवा होता." त्याला वर्कशॉपमध्यें सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरची जागा देऊं केली होती. पांढरा सदरा, गार खोली, गिऱ्हाइकांशीं बोलावयाचें, खर्चाचे अंदाज लिहावयाचे, पगारांत बरी वाढ. गाडीला मात्र पुन्हां हात लावावयाचा नाहीं. 'सुटलास रे बाबा!' हे शब्द अगदीं माझ्या ओठांवर आले होते. ते मीं गिळले, याचें कारण माझी स्वतःची गाडी.

त्याआधींच्या पावसाळ्यांत तिच्या इंजिनाचा पिवळा दिवा लागला होता. भाच्याला त्रास कशाला, म्हणून मी घराजवळच्या एका गॅरेजांत गेलों. तेथील गृहस्थांनीं स्टिअरिंगखालीं स्कॅनर जोडला, पडद्यावर 'पी०१७१' हीं अक्षरें उमटलीं, आणि पांच मिनिटांत निकाल लागला : ऑक्सिजन सेन्सर बदला. मीं बदलला. चौथ्या दिवशीं दिवा पुन्हां हजर!

मग भाचा आला. "मामा, हा आंकडा इतकेंच सांगतो कीं इंजिनांत पेट्रोलच्या मानानें हवा जास्त होते आहे. कां, तें तो सांगत नाहीं." सेन्सर खोटें बोलत असेल, पंपाचा जोर कमी पडत असेल, किंवा कोठून तरी चोरटी हवा आंत शिरत असेल. गाडीचा संगणक पेट्रोलची भर किती घालतो, हें त्यानें इंजिन संथ चालत असतां पाहिलें, आणि मग फेरे मिनिटाला २५०० वर नेऊन पाहिलें. संथ चालींत भर मोठी. फेरे वाढतांच ती जवळजवळ नाहींशी झाली. पंप दुबळा असता तर उलट मागणीबरोबर तूट वाढली असती. चोरट्या हवेचें असें नसतें. एकंदर हवा थोडी असतां तिचा वाटा मोठा, पुष्कळ असतां क्षुल्लक. नंतर त्यानें नळ्यांत धूर सोडला. इंजिनामागच्या एका रबरी नळीच्या चिरेंतून तो बारीक रेघेसारखा वर आला. नळीची किंमत नाटकाच्या तिकिटाहून कमी होती.

'निदान' या आपल्या शब्दाचे दोन अर्थ आहेत : मूळ कारण, आणि कमींत कमी. नुसता आंकडा पाहून भाग बदलणारे दुसऱ्या अर्थानें निदान करतात, अशी एक कोटी मला त्या वेळीं सुचली. भाच्याला ती सांगितली. तो हसला नाहीं. "बिलांत नळीच दिसते, मामा. दीड तास विचार केला, तो कोणत्या रकान्यांत लिहूं?"

अशा माणसाला टेबलाशीं बसविणें याला आपण बढती म्हणतों. मलाही ती मिळाली आहे. उपप्राचार्य होऊन मला सहा वर्षें झालीं. तेव्हांपासून मीं वेळापत्रकांवर सह्या केल्या, चौकश्यांचे अहवाल लिहिले, पण वर्गांत वर्ड्‌स्वर्थ एकदांही शिकविला नाहीं. घरांत हें मीं कधीं बोललों नव्हतों. त्या रविवारीं भाच्यापाशीं बोललों.

जागा नाकार, असें मात्र मीं त्याला सांगितलें नाहीं. त्याचें लग्न ठरतें आहे, आणि पगारवाढ ही कांहीं थट्टेची गोष्ट नव्हे. वर्षाची मुदत माग, अवघड गाड्यांच्या निदानासाठीं वेगळी जागा आणि वेगळा पगार ठेवाल काय असें मालकांना विचार, आणि तोंवर प्रत्येक अवघड गाडीची वही ठेव : तक्रार काय, संशय कोणता, तो कशानें खरा किंवा खोटा ठरला. मग विचारलें, "तुला अडतें कोठें?"

तो थोडा घुटमळला. आजच्या गाडींत अनेक छोटे संगणक दोन पिळलेल्या तारांवरून एकमेकांशीं बोलतात. १९८६ सालीं पुढें आलेली 'कॅन' नांवाची ही पद्धत. तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो, म्हणून बॅटरी सोडवून मोजलें तर मीटरनें ६० दाखवावयास हवेत. १२० आले तर एक रोध कोठें तरी तुटला. "इतकें मला पाठ आहे. पण ६० येऊनही दोष राहिला तर काय, तें मॅन्युअलमध्यें आहे. विजेच्या गाड्यांच्या नारिंगी तारांना हात केव्हां लावावा, तेंही त्यांतच आहे. आणि मॅन्युअल इंग्रजींत आहे, मामा."

आतां दर गुरुवारीं तो येतो. पहिल्याच पानावर आम्ही 'इंटरमिटंट' या शब्दाशीं अडलों. मधूनमधून होणारा, सतत नसणारा, असा अर्थ मीं दिला. "म्हणजे गॅरेजांत आणल्यावर न दिसणारा दोष," तो म्हणाला, आणि तारांचा जुडगा हलवीत मीटरकडे कसें पाहत राहावयाचें तें त्यानें मला माझ्या टेबलावरच्या दिव्याची वायर हलवून दाखविलें. दिवा खरोखरच लुकलुकला. मालकांचें उत्तर अजून आलेलें नाहीं.