सोसायटीचं बिल आणि माझा अर्ज

कल्याणचा फ्लॅट माझ्या नावावर आहे, पण नोकरीमुळे मी शाळेच्या गावी राहते. फ्लॅटमध्ये अम्मी, धाकटा भाऊ, भाभी आणि त्यांची मुलं राहतात. दोन वर्षांपूर्वी सोसायटीच्या बिलात एक नवीन ओळ आली: बिनभोगवटा शुल्क, दरमहा 1500 रुपये. मालकीण राहत नाही, म्हणजे भाडेकरू आहेत, असा कमिटीचा हिशेब. चौदा महिन्यांत रक्कम 21 हजारांवर गेली, वर व्याज. मग थकबाकीदारांच्या यादीत माझं नाव नोटीस बोर्डावर लागलं. अम्मीने संध्याकाळी खाली बसायला जाणं बंद केलं. पैशापेक्षा मला हेच जास्त लागलं.

चेअरमन अब्बांचे जुने दोस्त. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. भाऊ दोनदा जाऊन आला. "बेटा, नियम सगळ्यांना सारखा," एवढंच उत्तर. नातेवाईक म्हणाले, भरून टाक, घरची गोष्ट ऑफिसात कशाला? हा सल्ला आपल्याकडे फार लवकर मिळतो, आणि बहुतेक वेळा ज्याचे पैसे जात नसतात त्याच्याकडून.

नियम मी वाचून काढला. राज्य सरकारचा 1 ऑगस्ट 2001 चा आदेश आहे, सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 79अ खाली. बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि त्या सेवाशुल्कात महापालिकेचे कर धरायचे नाहीत. आमचं सेवाशुल्क 900 रुपये. म्हणजे खरोखर भाडेकरू असता तरी 90 रुपये! शिवाय घरात सभासदाचं कुटुंब राहत असेल तर हे शुल्क लागतच नाही, आणि आदर्श उपविधींमधल्या कुटुंबाच्या व्याख्येत आई, भाऊ, बहीण, सून, जावई, नातवंडं सगळे आहेत.

आधी सोसायटीला पत्र दिलं. सेक्रेटरींनी पोच द्यायला नकार दिला, तेव्हा तेच पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवलं आणि पोचपावती जपून ठेवली. उत्तर आलं नाही. मग उपनिबंधकांच्या कार्यालयात अर्ज केला. बिनभोगवटा शुल्काची तक्रार तिथेच जाते, त्याला वकील लागत नाही. अर्ज दोन पानांचा, मराठीत. तारीख, रक्कम, आदेश, मागणी. रागाची वाक्यं मी कच्च्या मसुद्यात लिहिली आणि तिथेच ठेवली.

खरी अडचण वेगळ्याच ठिकाणी निघाली. तो माझा भाऊ आहे हे कागदावर दाखवायचं होतं. माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर अब्बांचं नाव पूर्ण आहे, भावाच्या दाखल्यावर 'अ.' एवढंच आणि आडनाव आधी, रेशनकार्डावर तिसरंच. आपल्या घराघरांत ही गंमत असते. वर्षानुवर्षं मी मुलांचे दाखले लिहिते, म्हणून एका अक्षराने काय होतं ते मला माहीत आहे. तिन्ही नावं एकाच व्यक्तीची, असं अम्मीचं प्रतिज्ञापत्र करून जोडलं.

सुनावणीला सोसायटीतर्फे वकील आले. ते बराच वेळ बोलले. साहेबांनी मला एकच विचारलं, "राहतं कोण?" मी म्हणाले, "आई आणि भाऊ," आणि कागद पुढे केले. मग त्यांनी सेक्रेटरींना विचारलं, 1500 हा आकडा कोणत्या आधारावर? जनरल बॉडीचा ठराव, असं उत्तर आलं. ठराव सरकारी आदेशाच्या वर जात नाही, हे साहेबांनीच सांगितलं. मला बोलावंच लागलं नाही.

दुसऱ्या तारखेनंतर आदेश झाला: शुल्क आणि व्याज रद्द, भरलेली रक्कम पुढच्या बिलांत वळती करायची. बोर्डावरचं नाव निघायला मात्र आणखी एक पत्र लिहावं लागलं.

ईदला चाचांकडे मी गेले नाही. अम्मी गेली, शीरखुर्म्याचा डबा घेऊन. "तुझं भांडण तुझ्याकडे," म्हणाली, "माझी चाळीस वर्षांची ओळख आहे." आता ती रोज संध्याकाळी खाली बसते.