काचेचे कौल

गेल्या मे महिन्याच्या सुटीत मी धाकट्या भावाकडे न्यू जर्सीला गेले. मला घ्यायला तो जी मोटार घेऊन आला तिला आसने दोनच, आणि छप्पर कापडाचे! आमच्या गावचे टांगे केव्हाच गेले, त्यांची कापडी टपेही गेली. त्यांतले एखादे अमेरिकेत भेटेल असे स्वप्नातही वाटले नव्हते. पिशवी मांडीवर घेऊन मी निमूट बसले.

ही १९९४ सालची माझदा मियाता. छपराला मागे एक खिडकी होती, तीही प्लास्टिकची. उन्हाने पिवळी पडलेली, थंडीत कडक होऊन घडीवर चिरलेली. मागची मोटार तिच्यातून धुक्यातल्या म्हशीसारखी दिसे. छप्पर उतरवायचे तर आधी खिडकीची झिप उघडून ती सपाट निजवायची. घाई केली की आणखी एक चीर पडलीच!

"ताई, शनिवारी काच बसवू," तो म्हणाला. १९९८ साली या गाडीची दुसरी पिढी आली, तेव्हा कारखान्यानेच प्लास्टिक सोडून काच घातली. तसले छप्पर जुन्या सांगाड्यावरही बसते. किंमत काही शे डॉलर.

मी मनात रुपये केले आणि माझे पित्त खवळले. गावाकडचे आमचे घर दोन पावसाळे गळत होते. फोनवर सांगितले तेव्हा हा "बघू" म्हणाला होता. आणि इथे तीस वर्षांच्या मोटारीला नवे छप्पर! मी बोलले मात्र काही नाही. न बोलून राग दाखवणे मला छान जमते; वर्गातली मुले साक्ष देतील.

शनिवारी नवे कापड त्याने आधी उन्हात पसरले, मऊ होऊन ताणले जावे म्हणून. मग पुढचे रिव्हेट पोखरून काढले, मागचे बोल्ट सोडवले. तिथे पाणी वाहून नेणारी पन्हळ असते. तिच्या दोन्ही टोकांच्या मोऱ्या पानांनी तुंबल्या होत्या. त्या मी साफ केल्या. काच काही घडी पडायची नाही. ती कापडात अशी बसवलेली असते की छप्पर मिटले तरी ती सपाटच निजते. तिच्यातल्या दव घालवणाऱ्या तारांना वीज जोडण्याचे काम त्याने हिवाळ्यावर टाकले.

"स्वयंपाकघरात काचेचं कौल होतं ना गं?" त्याने एकदम विचारले. "आई त्याच्या कवडशावरून वेळ सांगायची."

"तीन वर्षांपूर्वी माकडांनी फोडलं."

"मग?"

"प्लास्टिकचा कागद लावलाय."

"पिवळा पडला असेल," तो म्हणाला, आणि मला हसू आवरेना.

हसणे ओसरल्यावर तो पाना पुसत म्हणाला, "तू छपराचं बोललीस तेव्हा सहा महिने मला नोकरी नव्हती, ताई. पुढे तूच विषय काढला नाहीस."

हे मला कुणी सांगितले नव्हते. मीही विचारले नव्हते. "बघू" हा एकच शब्द मी दोन वर्षे जपून ठेवला होता.

नवे छप्पर पहिल्यांदा लावताना फार ताठ असते. दोघांनी ओढले तेव्हा कुठे पुढच्या कड्या बसल्या. मी आत बसून मागे पाहिले. शेजारचे झाड पान नि पान मोजावे असे दिसत होते.

मृगाच्या आधी मी परतले. त्याने पैसे पाठवले, घर शाकारून झाले, नवे काचेचे कौल बसले. यंदा भाऊबीजेला तो यायचा नाही. पण त्याची ओवाळणी रोज सकाळी आईच्या ताटाशेजारी येऊन पडते, आणि आई म्हणते, "दहा वाजले गं."